छापील चंद्र

कुवेतमधल्या आमच्या सलव्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातलं घड्याळ मुंबईच्या वेळेवर चालायचं. कुवेतपेक्षा अडीच तास पुढे. आईला पोळ्या लाटताना मान वर करून "आत्ता आक्का जेवायला बसली असेल" असं म्हणायचं असायचं, म्हणून. त्या घड्याळाखाली मराठी कॅलेंडर टांगलेलं. ते साताऱ्याहून आक्कामावशी दरवर्षी पाठवायची, आणि आमचं घर त्या कॅलेंडरवर चालायचं. एकादशी, अमावास्या, गॅसचं सिलिंडर कधी लावलं, कुणाची डिलिव्हरी कधी, सगळं त्याच चौकटींत.

फक्त एका बाबतीत आई त्या कॅलेंडरचं ऐकत नसे. संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती मुंबईची. यावरून कुवेतच्या मराठी मंडळात दर महिन्याला वाद व्हायचे. सालमियातल्या बायका छापील वेळेतून अडीच तास वजा करून मोदक खायला मोकळ्या व्हायच्या. आई म्हणायची, "चंद्र काय विमानाने येतो का? दिसल्याशिवाय मी घास घेणार नाही." मग ती गच्चीवर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभी राहायची, धूळ असली तर तासभर. बाबा खाली जेवणासाठी खोळंबलेले असायचे आणि वरती ओरडून विचारायचे, "तारा, आला का तुझा चंद्र?" म्हणजे छापील चंद्र आणि कुवेतचा चंद्र वेगळा असतो हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचा संताप मला आजही येतो, तो याचमुळे.

पंच्याऐंशी साल होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. दहावी-बारावी कुवेतमध्ये झालेली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी दार लावून घेतलेलं. बाबांचा जन्म साताऱ्याचा, आजोबांचा साताऱ्याचा, पण नियमाला त्याचं काय! कुवेतच्या युनिव्हर्सिटीत आमच्यासारख्यांना जागा कुठून मिळणार? राहिली ती अखिल भारतीय प्रवेश परीक्षा. तिचं केंद्र भारतात. पहिल्या वर्षी मी ती दिली आणि फिजिक्सने माझं वाटोळं केलं. दुसऱ्या वर्षी नाव प्रतीक्षा यादीत लागलं. ती यादी पुढे सरकता सरकता माझ्या जरा आधी थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. प्रतीक्षा यादी हा प्रकार ज्याने शोधून काढला त्याला कधीतरी स्वतःला त्या यादीत बसवायला हवं, असं मला फार वाटायचं.

माझे बाबा, दिनकर सबनीस, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. पाइपांवरचे दाबाचे काटे, म्हणजे गेज, तपासायचे, हे त्यांचं काम. दुसरा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी शांतपणे चहा प्यायला आणि म्हणाले, "आमच्याकडे गेज तीनदा तपासतात, वीणा. तिसऱ्यांदा चुकलं की स्क्रॅप."

"मी गेज नाहीये बाबा."

"नाहीस. म्हणूनच तीनदा म्हणतोय. तुला एकोणीस संपतील. जगन्नाथरावांचा सुरेश थांबायला तयार आहे, पण तो किती थांबणार? तिसऱ्यांदा देऊन बघ. नाही झालं तर हा विषय बंद."

जगन्नाथराव म्हणजे बाबांचे नाशिकचे कॉलेजमित्र. सुरेश त्यांचा मुलगा, कारखान्यात इंजिनिअर. मी त्याला एकदा पाहिलं होतं. वाईट नव्हता बिचारा. केस नीट बसवलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. त्याच्याशी लग्न करायला माझी एवढीच हरकत होती की मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं.

नुसतं घरात बसून अभ्यास करू देतील असे बाबा नव्हते, आणि खरं सांगायचं तर माझ्याच्यानेही बसवत नसे. म्हणून मी सालमियातल्या एका छोट्या दवाखान्यात कामाला लागले. सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, मधे दुपार मोकळी. डॉक्टर असमा मूळच्या हैदराबादच्या, वयाने आईएवढ्या, लहान मुलांच्या डॉक्टर. मी नंबर पुकारायचे, वजन-उंची लिहायचे, सिरिंजा उकळायचे, आणि कामगार लोकांचं हिंदी अरबीत आणि कुवेती आयांचं अरबी हिंदीत करायचे. दुपारी कुरियन सरांच्या घरी फिजिक्सची शिकवणी. तिकडे जायच्या बसमध्ये पंखासुद्धा नसायचा. उरलेला अभ्यास पोस्टाने. दिल्लीच्या एका क्लासचे धडे खाकी पाकिटांतून यायचे. पाकीट आधीच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं असायचं, आणि प्रजननसंस्थेच्या धड्यातल्या आकृतीवर काळी शाई फिरवलेली. त्या प्रकरणावर हमखास प्रश्न येतो! मी ते पान डॉक्टर असमांपुढे आपटलं. त्या खो खो हसल्या, मग औषधाच्या चिठ्ठीच्या मागे त्यांनी आख्खी आकृती काढून दिली, नावांसकट. माझ्या वहीत ती आकृती होती आणि तिच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं, 'औषध जेवणानंतर घ्यावे'.

डॉक्टरच का व्हायचंय, असं मला सगळे विचारायचे. लोकांची सेवा वगैरे उत्तरं मला देता येत नसत. एकदा एक बाई रडणारं मूल घेऊन धावत आली होती. मुलाचा हात लुळा लोंबत होता. रस्ता ओलांडताना तिने त्याला हाताला धरून ओढलं होतं आणि कोपराचं हाड सरकलं होतं. डॉक्टर असमांनी मुलाशी गप्पा मारत मारत त्याचा हात धरला, तळवा फिरवला, कोपर वाकवलं. टक् झालं. मूल अर्धा क्षण आणखी रडलं आणि मग त्याच हाताने त्याने टेबलावरचं बिस्किट उचललं. बस्स, एवढंच. मला ते करायचं होतं. दुसरं कुणीतरी करतंय आणि मी बाजूला वजनाचा काटा पुसत उभी आहे, हे मला सहन होत नव्हतं. रात्री अंथरुणात पडल्यावर माझा हात आपोआप फिरायचा, तळवा, कोपर. आई म्हणायची, "झोपेत पण तुझं काय चालू असतं गं?"

त्या वर्षी परीक्षा जूनमध्ये, रविवारी होती, मुंबईला. आणि रमजान संपून ईद त्याच आठवड्यात येत होती. त्यातून आमच्या तिघांच्या इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आलेली. तो शिक्का मारल्याशिवाय देश सोडला तर परत यायची पंचाईत. मे महिन्यात शहरात स्फोट झाला होता, तेव्हापासून रस्त्यारस्त्यावर कागद तपासत होते. म्हणून बाबांनी पासपोर्ट शेवटपर्यंत घरातच ठेवले आणि अगदी त्या आठवड्यात कंपनीच्या महबूबच्या हातात दिले. महबूब मूळचा राजापूरचा. कंपनीची सरकारी कागदपत्रं इकडून तिकडे नेणं हेच त्याचं काम.

"गुरुवारी सकाळी शिक्के मारलेले हातात," बाबांनी जाहीर केलं. "शुक्रवारी सकाळी तुझं विमान. शनिवारी आराम, रविवारी पेपर. सगळं बसवलंय."

बाबांनी एकदा 'सगळं बसवलंय' म्हटलं की त्यावर बोलायची सोय नसायची. पण मंगळवारी दवाखान्यात प्रत्येक बाई मला सांगून गेली की गुरुवारी येणार नाही, ईद असेल. डॉक्टर असमांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तेरा पासपोर्ट कब आरा?"

"गुरुवारी."

"और चाँद बुध को हो गया तो क्या करते जी?"

घरी आल्या आल्या मी चपला काढायच्या आधी तेच विचारलं. बाबा भेंडीची भाजी खात होते. ते उठले, डाव्या हाताने कॅलेंडरवर टकटक केलं. "रमजान ईद. शुक्रवार. लाल अक्षरात आहे, बघ."

"ते तिकडचं आहे बाबा. इकडे एक दिवस आधी होऊ शकते. गेल्या वर्षी—"

"गेल्या वर्षीचं मला सांगू नकोस. गणित करून छापतात हे लोक. तुझ्या दवाखान्यातल्या बायका काय पंचांगकर्त्या लागून गेल्या?"

"अहो," आई म्हणाली, "संकष्टीचा चंद्र तर दर महिन्याला..."

"संकष्टीचं वेगळं!" बाबा ओरडले. "महबूबला उद्या फोन करून घाई करायची म्हणजे त्याला वाटेल साहेब घाबरला. त्याला गुरुवार सांगितलाय ना? मग गुरुवार."

मला इतकी तिडीक गेली की मी जेवले नाही. माझा राग आणि माझी भूक एका वेळी कधीच नांदत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातून स्वतःच महबूबच्या ऑफिसला फोन लावला. तो बाहेर गेला होता. पुन्हा लावला. बाहेरच. रमजानात ऑफिसं दुपारीच आवरतात. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

बुधवारी संध्याकाळी आई वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली होती, तिच्या मागोमाग मीही गेले. हातात रसायनशास्त्राची वही होती, पण एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. सूर्य नुकताच बुडाला होता. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं होती, बाप पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते, सगळे पश्चिमेकडे बघत. एरवी आई अशा वेळी पूर्वेकडे बघते. त्या दिवशी तीही वळली. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या हातातला बाबांचा शर्ट तसाच लोंबत होता.

"वीणा," ती म्हणाली, "तो बघ."

नखाएवढा होता. धुरकट आभाळात अगदी खाली, दिसतो न दिसतो. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी ओरडलं, मग पोरं ओरडली, मग टाळ्या. खालच्या मजल्यावर टीव्हीचा आवाज मोठा झाला. एका कुवेती बाईने गच्चीवरूनच आम्हाला हात हलवून 'ईद मुबारक' म्हटलं आणि आईने सवयीने हसून हात हलवला. नंतर तिने माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घेतला आणि जिना उतरत खाली धावले. कुठे धावत होते मलाच माहीत नव्हतं.

पुढचे दोन दिवस बाबा पायाला भिंगरी लावून फिरले. गुरुवारी पासपोर्ट ऑफिसच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर जाऊन आले. पहारेकऱ्याने त्यांना खजूर दिला. कंपनीच्या मॅनेजरच्या घरी गेले, तिथे सरबत दिलं. सगळीकडे त्यांचं तोंड गोड झालं आणि काम कुठेच झालं नाही. दुपारी महबूब स्वतः आला. नवा सदरा, अत्तराचा वास, हातात शीरखुर्म्याचा डबा. तो दारातच उभा राहिला.

"साहेब, शिक्के झालेत. सही पण झाली. पासपोर्ट आत टेबलावर हायत. पन दार बंद झालां, सोमवारपर्यंत. आता मी तरी काय करू?"

"आधी सांगता येत नव्हतं?" बाबा कडाडले.

महबूबने डबा आईच्या हातात दिला. "साहेब, तुम्ही गुरुवार म्हणालात. मना वाटलां तुमचां काय घाईचां नाय. घाईचां असतां तर मी मंगळवारीच आनलं असतं."

तो गेल्यावर बाबांनी सगळ्यांना शिव्या घातल्या. महबूबला, मॅनेजरला, चंद्राला, दिल्लीच्या परीक्षा मंडळाला, ज्यांना गरमीत परीक्षा घ्यायची अवदसा आठवली त्यांना. कॅलेंडरला मात्र नाही. कॅलेंडरकडे त्यांनी त्या दिवसांत एकदाही बघितलं नाही. आईने एकदा मुद्दाम गॅसच्या सिलिंडरची तारीख विचारली, तर म्हणाले, "तूच बघ."

शुक्रवारी माझं विमान माझ्याशिवाय गेलं.

मी रडले नाही असं सांगायला मला आवडलं असतं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि तेही धड नाही. मधेच थांबून मी आरशात बघून म्हणत होते, 'यात माझं काय चुकलं?' उत्तर येत नव्हतं म्हणून पुन्हा रडत होते. मग बाहेर येऊन घरभर फिरले. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, परत हॉल. आई म्हणाली, "बस गं जरा." मी म्हटलं, "कशाला? बसून काय करू?"

शनिवारी संध्याकाळी नाशिकहून जगन्नाथरावांची तार आली. मी मुंबईला येणार म्हणून रविवारी संध्याकाळी मामाकडे ते सुरेशला घेऊन मला बघायला येणार होते. मी येत नाही हे मामाने त्यांना कळवलं होतं. रविवारी सकाळी ट्रंक कॉल लावतो, आता नक्की काय ते सांगा, दुसरीकडूनही सांगून आलेलं आहे, असा मजकूर.

बाबांनी तार घडी करून खिशात घातली. मी टेबलापाशी उभी होते.

"बाबा, हा तिसरा प्रयत्न धरणार का तुम्ही?"

त्यांनी खिशातली तार चाचपली.

"मला एवढंच सांगा. मी परीक्षा दिलीच नाही. न दिलेल्या परीक्षेत मी नापास कशी?"

"ठरलं होतं ते ठरलं होतं, वीणा. काहीही कारण असो. माणूस दरवेळी कारणं शोधायला लागला की..."

"कारणं?" माझा आवाज खिडकीबाहेर गेला असणार. "कारण भिंतीवर टांगलेलं आहे! लाल अक्षरात!"

बाबांचा चेहरा असा झाला की मला पुढचं बोलवेना. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती, तिने नळ बंद केला. बाबा उठून आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते हळूच लावलं.

रविवारी मी पहाटेच उठले. झोप लागली होती असं म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरातल्या घड्याळात आठ वाजले होते, म्हणजे तिकडे पोरं तयार होत असतील. डोक्याला तेल, कपाळाला अंगारा, बापाच्या स्कूटरवर मागे बसून निघाली असतील. माझी खुर्ची तिथे रिकामी राहणार होती, तिच्यावर खडूने माझा नंबर लिहिलेला असणार. मला ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलेना.

पोस्टाच्या क्लासने शेवटच्या पाकिटात एक सराव प्रश्नपत्रिका पाठवली होती, लाखेने बंद केलेली. परीक्षेच्या आठवडाभर आधी सोडवा, असं वर लिहिलेलं. आठवडाभर आधी मी दवाखान्यात सिरिंजा उकळत होते, त्यामुळे ती तशीच राहिली होती. मी जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक पुसलं, वर्तमानपत्र पसरलं, दोन पेनं ठेवली. रागानेच, दुसरं काही नाही. त्यांनी माझी खुर्ची रिकामी ठेवली ना, मग मी इथे बसते. कुणी मोजो, न मोजो.

आईने विचारलं, "काय करतेस?"

"पेपर देते."

तिने भिंतीवरचं मुंबईचं घड्याळ उतरवलं, पदराने काच पुसली आणि टेबलावर माझ्यासमोर आणून ठेवलं. मग वाटीत दही-साखर. ते पाहून मला हुंदका येत होता, तो मी दह्याबरोबर गिळला.

दहाला पाच कमी असताना बाबांच्या खोलीचं दार उघडलं. ईदची सुट्टी होती, तरी ते ऑफिसच्या कपड्यांत होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पॅंट, केस ओले करून मागे वळवलेले, पायात बूट. घरात बूट! बाबांनी हॉलमधली खुर्ची ओढून माझ्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि बसले. त्यांचे डोळे लाल होते.

"हॉल तिकीट?" ते म्हणाले.

मला वाटलं माझी चेष्टा करतात. इतका संताप आला की पेन फेकून मारावं. पण त्यांनी हात पुढे केलेला होता आणि तो ते मागे घेत नव्हते. मी उठले, बॅग बांधलेली तशीच पडली होती, तिच्यातून हॉल तिकीट काढून आणलं. त्यांनी चष्मा लावला. फोटो बघितला. माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा फोटो, पुन्हा मी. इतका वेळ लावला की मला वाटलं, या माणसाने मला या आधी कधी नीट पाहिलेलंच नाही.

"ठीक," ते म्हणाले आणि तिकीट माझ्यापुढे ठेवलं. "मान वर करायची नाही. कुणाशी बोलायचं नाही. वेळ संपल्याशिवाय उठायचं नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताने पाकिटाची लाख फोडली आणि प्रश्नपत्रिका उलटी करून माझ्यासमोर ठेवली. घड्याळाचा काटा बारावर आला तसं टेबलावर बोटाने टकटक केलं.

पहिले प्रश्न जीवशास्त्राचे होते. मूत्रपिंड, हृदयाच्या झडपा. माझा हात चालू लागला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच माझे पाय टेबलाखाली हलायचे थांबले. फिजिक्सला आले, तिथे एक गणित अडलं, मी ते सोडून पुढे गेले, पुन्हा मागे आले. बाबा उठून टेबलाभोवती एक चक्कर मारून आले, हात मागे बांधून, अगदी शाळेतल्या मास्तरांसारखे. त्यांच्या बुटांचा आवाज होत होता. माझ्या मागे आल्यावर ते थांबत नव्हते, याचं मला कौतुक वाटलं.

अर्धा पेपर झाला असेल. फोन वाजला.

ट्रंक कॉलची घंटा वेगळी असते असं आई म्हणायची. मला ते कधी पटलं नव्हतं, पण त्या दिवशी पटलं. लांब, हट्टी, न थांबणारी. तिकडे नाशिकमध्ये जगन्नाथराव रिसीव्हर कानाला लावून बसले असणार, मागे त्यांची बायको, तिच्या मागे केस नीट बसवलेला सुरेश. बाबांचे सगळ्यात जुने मित्र. आई ओले हात पुसत फोनकडे निघाली.

"तारा," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "परीक्षा चालू आहे."

आई थांबली. "अहो, जगन्नाथराव असतील. एवढ्या मुश्किलीने लागतो कॉल."

"माहीत आहे मला."

"मग त्यांना काय वाटेल? आज नाही उचलला तर..."

"परीक्षेच्या हॉलमध्ये फोन उचलत नाहीत."

फोन वाजतच होता. मी न राहवून मान वर केली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. घड्याळाची जागा रिकामी होती आणि तिच्याखाली कॅलेंडर, जूनचं पान.

"लाईनमध्ये प्रेशरच सोडलं नाही," ते म्हणाले, आईला की मला की भिंतीला, कळलं नाही. "आणि गेजला नापास करायला निघालो होतो. मीच विसरलो व्हॉल्व्ह उघडायला. मीच."

घंटा थांबली. आई तिथेच उभी राहिली, ओला हात छातीशी धरून. मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्याने वाटली. बाबांनी खुर्ची थोडी सरकवली आणि ते फोनच्या आणि माझ्या मधे बसले.

"वीणा सबनीस," ते म्हणाले, "पेपरात बघा."

मी खाली बघितलं. अक्षरं थोडी पुसट दिसत होती, मी मनगटाने डोळे पुसले. फोन वाजत होता. मी पुढचा प्रश्न वाचला.